माता, मुलं आणि लिंडेनची फळी

जर्मन चित्रकार केटे कोलवित्झ यांच्या 'माता' या लाकूडठशात, म्हणजे फळी कोरून, शाई लावून कागदावर छापलेल्या चित्रात, मुलं शोधावी लागतात. आधी दिसतो तो बायकांचा एक काळा पुंजका. एकमेकींना घट्ट बिलगून, डोक्याला डोकं लावून त्या उभ्या आहेत. एकीचं अंग कुठे संपतं आणि दुसरीचं कुठे सुरू होतं ते कळत नाही. मग हात दिसायला लागतात. रुंद, हाडाचे, कष्टाचे हात. आणि त्या हातांच्या फटींतून मुलांचे चेहरे. बर्लिनला राहायला आल्यापासून मी हे चित्र पुस्तकांत, पोस्टकार्डांवर, संग्रहालयाच्या भिंतीवर पाहत आले. गेल्या हिवाळ्यात ठरवलं की मुलांचा एक लाकूडठसा आता स्वतः करायचा. 'माता'ची नक्कल करायची नव्हती. मुलं माझ्या रोजच्या पाहण्यातली घ्यायची, पण काम त्याच पद्धतीनं: एक फळी, एक काळी शाई, मधला करडा रंग नाही.

लाकूडच का, याचं उत्तर कोलवित्झबाईंच्या आयुष्यात आहे. त्यांचा धाकटा मुलगा पीटर 1914 साली सैन्यात स्वयंसेवक म्हणून जायला निघाला तेव्हा 18 वर्षांचा होता. कायद्यानं तो अल्पवयीन, त्यामुळे वडिलांची परवानगी हवी होती. वडील कार्ल बर्लिनच्या कामगारवस्तीत दवाखाना चालवायचे. ते तयार नव्हते. मुलाच्या हट्टासाठी आईनं त्यांचं मन वळवलं. त्याच ऑक्टोबरात पीटर बेल्जियममध्ये, फ्लँडर्सच्या आघाडीवर मारला गेला. काही दिवस दुःख करावं आणि पुढं विसरावं अशी ही गोष्ट नव्हती. ती त्यांच्या हातात शेवटपर्यंत राहिली.

युद्धावर एक चित्रमालिका करायची हे त्यांनी मनाशी घेतलं होतं, पण ते उतरेना. एचिंग (आम्लानं कोरलेल्या धातूच्या पत्र्यावरून छापणं) करून पाहिलं, मग लिथोग्राफ (दगडावर काढून छापणं). 'माता' या विषयाचं 1919 सालचं एक लिथोही आहे. त्याच वर्षी फेब्रुवारीत, पीटरच्या वाढदिवसाच्या तारखेला, त्यांनी डायरीत लिहिलंय की दोन मुलांना कवेत घेतलेली आई काढली, ती आई मीच, आणि मुलं माझी हान्स आणि पीटर. तरी मन भरलं नाही. मग 1920 च्या जूनमध्ये बर्लिनच्या एका प्रदर्शनात शिल्पकार एर्न्स्ट बारलाख यांचे लाकूडठसे पाहिले आणि त्या मुळापासून हलल्या. वय तेव्हा 52. एचिंग आणि लिथो दोन्हींत नाव झालेलं, प्रशियाच्या कला अकादमीवर निवड झालेली. आणि या बाईंनी नवं हत्यार हातात धरलं. 1921-22 मध्ये 'युद्ध' मालिकेचे सात ठसे तयार झाले, 1923 मध्ये त्यांचा संच निघाला. 'माता' त्यातला सहावा. सातांपैकी फक्त एका ठशात युद्धावर निघालेली पोरं आहेत. बाकी सगळी घरी उरलेली माणसं: आईबाप, विधवा, मुलं. तोफ नाही, खंदक नाही.

हात घालण्याआधी मला मूळ ठसा जवळून पाहायचा होता. बर्लिनच्या कुल्टुरफोरममध्ये कुप्फरस्टिषकाबिनेट नावाचं संग्रहालय आहे, फक्त कागदावरच्या कलेचं. तिथं पाच लाखांहून जास्त मुद्राचित्रं (ठशांवरून छापलेली चित्रं) आहेत आणि सामान्य माणसाला बसून ती पाहता येतील अशी अभ्यासिका आहे. कुठलं चित्र हवं ते आधी कळवायचं, वेळ घ्यायची. पिशवी, पाण्याची बाटली, पेन सगळं बाहेर ठेवायचं; आत फक्त वही आणि पेन्सिल. जाड पुठ्ठ्याच्या चौकटीतलं चित्र समोर आणून ठेवतात आणि मग कुणी घाई करत नाही. मला ही सोय फार मोठी वाटते. काचेआडून पाहिलेलं आणि एक वीत अंतरावरून पाहिलेलं चित्र ही दोन वेगळी चित्रं असतात.

जवळून दिसलं ते असं. चेहऱ्यांवरचा उजेड सपाट पांढरा नाही. तो तांदळाच्या दाण्याएवढ्या बारीक घावांचा झालेला आहे, आणि प्रत्येक घाव हाडाच्या वळणानं जातो. कपाळावर एका दिशेनं, गालावर दुसऱ्या. हातांवर घाव लांब होतात. आणि अंगावर, कपड्यांवर जवळजवळ काहीच नाही. लाकूड तसंच सोडलंय, म्हणून ते काळं छापलं गेलंय. सगळ्या बायका मिळून एकच अंग झालंय ते त्यामुळे. त्यांनी बायका जोडलेल्या नाहीत, वेगळ्या केलेल्याच नाहीत. वहीत मी एवढंच लिहून घेतलं: मुलं कशी दिसतात ते हात ठरवतात.

जर्मन एक्स्प्रेशनिस्टांमध्ये, म्हणजे दिसण्यापेक्षा भावना ठळक मांडणाऱ्या चित्रकारांमध्ये, मुलांचे लाकूडठसे आणखीही आहेत. 1905 मध्ये ड्रेस्डेनला सुरू झालेल्या 'ब्र्युके' या गटानं तर लाकूडठशाला नव्यानं जीव दिला. एरिश हेकेल यांचा 1910 च्या सुमाराचा उभ्या मुलीचा रंगीत ठसा खूप गाजलेला आहे. तिचं नाव फ्रेन्झी, दहाएक वर्षांची मुलगी, त्या गटाची मॉडेल. रंग आणि रेषेचं धाडस मी मानते, पण ते चित्र मला आवडत नाही. त्या तरुण चित्रकारांना तिच्यात काहीतरी आदिम, मोकळं दिसत होतं. मुलगी स्वतः कुठे दिसत नाही. एवढ्या लहान मुलीला असं समोर उभं करण्याबद्दल आता संग्रहालयंही प्रश्न विचारू लागली आहेत, आणि ते विचारायलाच हवेत. आपल्याकडे चित्रकार चित्तप्रसाद यांनी मुंबईत राहून राबणाऱ्या मुलांचे लिनोकट (लिनोलियमवर कोरलेले ठसे) केले. तिथं मूल बघणाऱ्यासाठी उभं नाही, ते आपल्या कामात आहे. मुलं काढायची तर कोलवित्झ आणि चित्तप्रसाद यांच्या बाजूनं, एवढं माझं पक्कं झालं.

विषय शोधावा लागला नाही. बर्लिनच्या थंडीत सकाळी आठ वाजता ट्रामच्या थांब्यावर उभं राहिलं की मुलं दिसतात ती अशीच, पुंजक्यानं. जाड जाकिटं, टोप्या, गळपट्टे, हातमोजे. उघडं अंग म्हणाल तर नाकडोळे तेवढे. माझी दोघं आणि शेजारच्यांची मुलगी अशी तिघं बाकावर दाटीवाटीनं बसतात. एकाच्या जाकिटाच्या खिशात दुसऱ्याचा हात. आम्ही राहतो त्याच भागात, प्रेन्झलाउअर बेर्गमध्ये, कोलवित्झ कुटुंब पन्नासेक वर्षं राहत होतं. त्यांचं घर 1943 मध्ये बॉम्बहल्ल्यात गेलं. आता त्या रस्त्याला त्यांचं नाव आहे, चौकात त्यांचा ब्राँझचा पुतळा आहे आणि मुलं त्याच्या मांडीवर चढून बसतात. पुतळ्यावरची मुलं काढायचा मोह झाला होता, पण तो सोडला. ट्रामची वाट पाहणारी मुलं जास्त खरी होती.

संध्याकाळच्या एका वर्गात नाव घातलं. शिकवणाऱ्या बाई साठीच्या पुढच्या, आयुष्यभर मुद्राचित्रण केलेल्या. त्यांनी मला पहिले काही आठवडे लाकडाला हात लावू दिला नाही. काळा कागद आणि पांढरा खडू दिला. "तुम्ही अंधारावर काम करणार आहात. पेन्सिलनं पांढऱ्यावर काळं काढायची सवय आधी जाऊ द्या," म्हणाल्या. हे ऐकायला सोपं, करायला अवघड. हात आपोआप कडा काढायला जातो: नाकाची कड, टोपीची कड. काळ्या कागदावर कड काढली की ती पांढरी होते आणि चेहरा तारेचा बनवल्यासारखा दिसतो. कडा सोडून उजेड कुठे पडलाय तेवढंच ठेवायचं. ट्रामच्या थांब्यावर दिवा डावीकडून वरून पडतो. म्हणजे धाकट्याचं कपाळ, नाकाचा शेंडा, खालचा ओठ. संपलं. बाकीचा मुलगा अंधारात.

फळी लिंडेनच्या लाकडाची घेतली. लाकूड मऊ, रेषा बारीक, शिकणाऱ्याला सोयीचं. मी मूळची सावंतवाडीची. चितारआळीत लाकडी खेळणी, लाकडी फळं बघत मोठी झाले, त्यामुळे लाकडाचा वास नवा नव्हता; हत्यार मात्र कधी धरलं नव्हतं. फोटो पाठवले तेव्हा लाकडात काम केलेल्या आमच्या काकांचा लगेच फोन आला. "लाकूड खंयसून फाटता ता आधी बघ, मगे हत्यार घाल," एवढंच म्हणाले. पुढचे सगळे दिवस हे वाक्य कानात होतं. कारण लाकडाच्या रेषेबरोबर गेलं की हत्यार लोण्यासारखं जातं आणि गरजेपेक्षा पुढे जातं. रेषेला आडवं गेलं की अडतं, आणि जोर लावला की खपली उडते. गेलेली खपली परत येत नाही. तेवढ्या जागी नवा तुकडा बसवता येतो, पण तो जोड कायम दिसत राहतो.

फळी पॉलिश पेपरनं घासली, पातळ केलेल्या काळ्या शाईचा एक हात दिला, म्हणजे कोरलेलं तेवढं पांढरं उठून दिसावं. चित्र बटर पेपरवर उतरवलं, तो कागद उलटा केला आणि कार्बन घालून फळीवर घेतलं, कारण छापताना डावं-उजवं फिरतं. कोलवित्झबाईंच्या ठशात कुणाचा हात कुणाच्या खांद्यावर आहे हे सगळं त्यांनी फळीवर उलटं कोरलं असणार, हे तेव्हा नीट डोक्यात शिरलं.

हत्यारं तीन पुरली. एक सुरी, एक इंग्रजी व्ही अक्षरासारख्या तोंडाचं, एक गोल तोंडाचं. वर्गात सगळ्यात जास्त वेळ जातो तो कोरण्यात नाही, निसण्यावर धार लावण्यात. बोथट हत्याराला जोर लागतो आणि जोर लागला की हात सुटतो. दुसरा हात कायम पात्याच्या मागे ठेवायचा, पुढे कधीच नाही. बाई हे दर वेळी बघायच्या.

सुरुवात चेहऱ्यापासून केली नाही. आधी हातमोजे. थोरलीचा हातमोजा धाकट्याच्या खांद्यावर आहे, तो नीट आला तर बाकीचं येईल असं वाटत होतं. हातमोज्याला बोटं नसतात, हाडं नसतात. कोलवित्झबाईंच्या हातांत जे बळ आहे ते लोकरीच्या गोळ्यात कसं आणायचं? उत्तर फळीवरच सापडलं. हातमोज्याचा आकार न काढता, त्याच्या खाली जाकीट कसं दबलंय तेवढं कोरलं. खांद्यावर दोन वळणदार घाव, हातमोज्याच्या दोन्ही बाजूंना. हातमोजा स्वतः काळाच राहिला आणि धरून ठेवणारा हात दिसायला लागला.

मग धाकट्याचा डोळा. हे काम मी एका रविवारी सकाळी, घरात कुणी नसताना, खिडकीपाशी बसून केलं. डोळा म्हणजे काळ्यात काळं सोडायचं असतं. आधी वरच्या पापणीखाली व्हीच्या टोकानं एक छोटी रेघ घेतली, लाकडाच्या रेषेला आडवी, म्हणून हत्यार ढकलायचं नाही. मनगट जागेवर ठेवून दुसऱ्या हातानं फळीच हळूहळू फिरवायची. खाली दुसरी रेघ. मधलं बुबुळ तसंच. आता त्यात उजेडाचा ठिपका द्यायचा का? सगळे देतात. ठिपका दिला की डोळा लगेच जिवंत होतो, ओलसर होतो, गोड दिसतो. मी खूप वेळ सुरी हातात धरून बसले आणि ठिपका दिला नाही. मुलं सकाळी आठ वाजता गोड नसतात. ती अर्धवट झोपेत असतात, थंडीनं वैतागलेली असतात, आणि कुणीतरी धरलेलं असतं म्हणून उभी असतात. लाकडाचा हा गुण मला फार मोलाचा वाटतो: प्रत्येक गोडवा मुद्दाम कोरावा लागतो, तो आपोआप येत नाही. त्यामुळे तो हवा की नको हे विचारायला सवड मिळते.

भोवतालची जागा शेवटी, मोठ्या गोल हत्यारानं साफ केली. कितीही साफ केली तरी मधे उंचवटे राहतात आणि ते छापताना रेघा म्हणून उमटतात. एक्स्प्रेशनिस्टांनी या रेघा लपवल्या नाहीत. हत्याराची वाट दिसू दिली. मी वरच्या बाजूच्या ठेवल्या, त्यांतून आपोआप थंडीची हवा आली. मुलांच्या चेहऱ्यांजवळच्या मात्र काढून टाकल्या.

छपाईचा दिवस वेगळाच असतो. काचेवर शाई घेऊन रोलर फिरवायचा. आधी चिकट, जड आवाज येतो. शाई नीट पसरली की तो बारीक, एकसारखा होतो. बाई लांबून नुसत्या आवाजावरून सांगायच्या, "अजून जास्त आहे." मग फळीवर पातळ थर, परत थर, परत. घाईनं जाड थर दिला की बारीक घाव शाईनं बुजतात. वरून पातळ जपानी कागद टाकला. प्रेस होता, पण मला हातानं काढायचं होतं, म्हणून लाकडी चमच्याच्या पाठीनं घासत गेले. पातळ कागदातून काळं हळूहळू वर दिसायला लागतं. एक कोपरा उचलून बघायचं, बाकीचा कागद तळहातानं दाबून धरायचा, कमी वाटलं तर परत टेकवून घासायचं.

पहिल्या प्रुफासाठी, म्हणजे चाचणीच्या प्रतीसाठी, मी मुद्दाम कमी कोरलं होतं. कोरायला पुढे केव्हाही येतं. प्रूफ भिंतीला लावलं आणि आम्ही सगळे लांब जाऊन उभे राहिलो. बाईंनी फक्त थोरलीच्या गालावर बोट ठेवलं: तिथला उजेड धाकट्याच्या कपाळाशी झगडत होता. मोठ्या पांढऱ्या जागा दोन असल्या की नजर दोन ठिकाणी फुटते. पांढरं कमी करता येत नाही, म्हणून धाकट्याचं कपाळ वाढवलं. आणखी चार-पाच घाव, टोपीच्या कडेपर्यंत. दुसऱ्या प्रुफात नजर सरळ त्याच्याकडे जाऊन मग वर, बहिणीकडे आणि त्या हातमोज्याकडे जायला लागली.

घरी प्रूफ बघून थोरली म्हणाली, "माझं जाकीट कुठं संपतं तेच कळत नाही. मधे एक रेघ काढ ना." शेजारच्यांची मुलगीही तेच म्हणाली, तिला तिचा निळा कोट वेगळा दिसायला हवा होता. मागणी रास्त होती. आपण कुठे संपतो आणि दुसरं कुठे सुरू होतं हे या वयात महत्त्वाचं असतं. मी थोरलीला 'माता' दाखवलं आणि विचारलं, यातल्या कुणाचा झगा कुठला? तिनं बोटानं शोधत शोधत थोडा प्रयत्न केला आणि म्हणाली, "त्यांना वेगळं व्हायचंच नाहीये." रेघ काढली नाही. तिच्यासाठी एका प्रतीवर मात्र तिनं स्वतःच पांढऱ्या पेन्सिलीनं ती ओढली, आणि ती प्रत तिच्या खोलीत लागली आहे.

कोलवित्झबाईंनी शेवटच्या वर्षांत पुन्हा मुलांकडेच वळून एक लिथो केलं, 1942 च्या सुमाराला. त्यात एक म्हातारी आई अंगरख्याखाली मुलांना दडवून धरते आणि मुलं मात्र बाहेर डोकावायला धडपडतात. बियाण्याचं धान्य दळायचं नसतं, असं गोएथेचं वचन त्याला नाव म्हणून दिलंय. त्याच वर्षी त्यांचा नातू, काकाच्या नावाचाच पीटर, रशियात मारला गेला. 'माता'मधली मुलं घाबरून आत बिलगलेली, इथली मुलं बाहेर जायला उतावीळ. वीस वर्षांनी त्याच विषयाकडे त्या वेगळ्या बाजूनं आल्या. माझा पुढचा ठसा त्या दिशेनं करायचाय: ट्राम आली की बाकावरून उठून धावणारी तीच तिघं. त्याला नाशपातीचं लाकूड घेणार आहे. ते लिंडेनपेक्षा कठीण, पण बारीक घाव जास्त धरतं, आणि पळणाऱ्या पायांना ते लागेल.

कुणाला हे ठसे पाहायचे असतील तर कोलोनला न्यॉयमार्क्ट चौकात कोलवित्झ संग्रहालय आहे. बर्लिनचं संग्रहालय 2022 पासून शार्लोटेनबुर्ग राजवाड्याजवळच्या थिएटरच्या इमारतीत आहे. 'माता' दर वेळी भिंतीवर असेलच असं नाही. कागदाला उजेड सोसत नाही म्हणून चित्रं आलटूनपालटून लावतात. तेव्हा कुप्फरस्टिषकाबिनेटच्या अभ्यासिकेची वेळ घेऊन जा, आणि 'माता'बरोबर 1919 चं लिथोही मागवा. दोन्ही शेजारी ठेवून पाहिली की लाकडानं काय दिलं ते लगेच दिसतं.